प्रस्तावना : फॉक्सपी-३ आणि प्रतिकारसंस्थेचा आवर

मानवी शरीराच्या प्रतिकारसंस्थेविषयी लिहिणाऱ्यांनी आजवर बहुतेक तिच्या संहारक सामर्थ्याचेच वर्णन केले आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण देवी, पटकी, क्षय अशा रोगांशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजत आलेल्या समाजाला शरीर जंतूंचा नाश कसा करते हाच प्रश्न आधी पडणार. याच संस्थेविषयीचा दुसरा एक प्रश्न मात्र तितकाच मूलभूत असून त्याचे समाधानकारक उत्तर मिळायला विसावे शतक जवळजवळ सरावे लागले. ज्या पेशी कोणताही परका रेणू ओळखून त्याच्यावर तुटून पडू शकतात, त्या स्वतःच्या यकृताला, स्वादुपिंडाला आणि त्वचेला, आतड्यात वस्ती करून असलेल्या निरुपद्रवी जिवाणूंना, रोजच्या अन्नाला आणि गर्भवतीच्या पोटातील निम्म्या परक्या जिवाला कशामुळे सोडून देतात, हा तो प्रश्न होय. त्याच्या उत्तराच्या गाभ्याशी फॉक्सपी-३ नावाचे एक प्रथिन आहे. हे प्रथिन प्रतिपिंडांप्रमाणे रक्तात वाहत नाही आणि पेशीच्या पृष्ठभागावरही दिसत नाही. मोजक्या पांढऱ्या पेशींच्या केंद्रकात राहून ते त्या पेशींची कोणती जनुके बोलती व्हावीत आणि कोणती मुकी राहावीत हे ठरवते, आणि त्या ठरवण्यावर सगळ्या शरीराची सुरक्षितता अवलंबून असते. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हे प्रथिन आणि ते ज्या पेशींना घडवते त्या पेशी हा आहे.

विषयाची मांडणी समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी बोकडांना दुसऱ्या बोकडांचे रक्त टोचून पाहिले, तेव्हा त्या प्राण्यांच्या रक्तात दुसऱ्यांच्या तांबड्या पेशी फोडणारे घटक तयार झाले, पण स्वतःच्या तांबड्या पेशी फोडणारे झाले नाहीत. शरीर स्वतःवर विष उगारण्यास जणू कचरते, असा निष्कर्ष एर्लिख यांनी त्यावरून काढला. ते निरीक्षण अचूक होते, परंतु हे कचरणे कोठून येते याचा मागमूस त्या काळी कोणालाही नव्हता. पुढे १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या वर असलेल्या थायमस या ग्रंथीचे महत्त्व दाखवून दिले आणि या ग्रंथीत परिपक्व होणाऱ्या लसीकापेशींना कालांतराने टी पेशी हे नाव मिळाले. प्रत्येक टी पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राही असतो, म्हणजे विशिष्ट रेणूशी जुळणारे एक प्रथिन. हा ग्राही जनुकांच्या तुकड्यांची यदृच्छेने जुळणी होऊन बनत असल्यामुळे पेशीगणिक तो निराळा असतो आणि म्हणूनच पृथ्वीवर अद्याप न अवतरलेल्या विषाणूलाही ओळखणारी एखादी टी पेशी शरीरात आधीच हजर असू शकते. या व्यवस्थेची किंमतही तिच्या पोटातच आहे. जुळणी यदृच्छेने होत असेल, तर काही ग्राही स्वतःच्याच शरीराच्या रेणूंशी जुळणार हे उघड आहे.

थायमसमध्ये अशा पेशींची पारख होते. जी कोवळी टी पेशी शरीराच्या स्वतःच्या रेणूंना फार घट्ट चिकटते तिला तेथेच मरण येते, आणि उरलेल्या पेशी रक्तात उतरतात. या निवडीला केंद्रीय सहिष्णुता म्हणतात. सहिष्णुता म्हणजे हल्ला करण्याची क्षमता असूनही विशिष्ट रेणूविरुद्ध तो न करण्याची प्रतिकारसंस्थेची स्थिती. अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत एवढेच स्पष्टीकरण पुरेसे मानले जात होते. परंतु ही चाळणी पक्की नाही. निरोगी माणसाच्या रक्तात स्वतःच्या अवयवांना ओळखणाऱ्या टी पेशी शोधल्या तर सापडतात आणि तरीही तो माणूस निरोगी राहतो, याचा अर्थ थायमसमधून निसटलेल्या पेशींना बाहेर कोणीतरी आवरत असले पाहिजे. थायमसबाहेर चालणाऱ्या या कामाला परिघीय सहिष्णुता असे नाव आहे.

आवरणाऱ्या पेशी असतात ही कल्पना १९७० च्या सुमारास येल विद्यापीठातील रिचर्ड गर्शन यांनी मांडली आणि पुढील दशकभर तिच्यावर अफाट संशोधन झाले. मात्र ‘दमनकारी टी पेशी’ या नावाने वर्णिलेल्या त्या पेशींची ओळख पटवणारी खूण हाती लागत नव्हती, आणि जी खूण हाती लागली असे वाटले तिचे जनुक जेथे असायला हवे होते तेथे ते नाहीच, असे १९८० च्या दशकाच्या आरंभी रेणवीय जीवशास्त्राने दाखवून दिले. त्यानंतर सगळे क्षेत्रच बदनाम झाले. नव्या संशोधकांना त्या विषयाकडे फिरकू नये असा सल्ला मिळू लागला आणि दमन हा शब्दसुद्धा शोधनिबंधांतून टाळला जाऊ लागला. या प्रकरणाचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. कारण ढिसाळ पुराव्यामुळे एखादी मूळची बरोबर कल्पनाही कशी गाडली जाऊ शकते, आणि ती पुन्हा वर काढण्यासाठी किती चिकाटी लागते, हे या ग्रंथाच्या वाचकाने आरंभीच लक्षात घेणे हिताचे आहे.

ती चिकाटी जपानमध्ये दिसली. नागोया येथील आयची कर्करोग केंद्राच्या संशोधनसंस्थेत निशिझुका आणि साकाकुरा यांनी १९६९ मध्ये एक विचित्र निरीक्षण प्रसिद्ध केले होते. उंदराच्या मादीची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढून टाकली, तर तिची अंडाशये झिजून जात. तीच ग्रंथी आठवडा उलटल्यावर काढली तर काहीच बिघडत नसे. हा संप्रेरकांचा दोष असावा असे आधी वाटले. नंतर ध्यानात आले की अंडाशयांवर प्रतिकारसंस्थेचाच हल्ला होत आहे. येथे तर्क उलटा पडत होता : टी पेशी ज्या ग्रंथीत घडतात ती काढल्यावर हल्ला कमी व्हायला हवा, तो वाढतो कसा? त्याच संस्थेत काम सुरू केलेल्या शिमोन साकागुची यांना याचे एकच सुसंगत उत्तर दिसले. थायमसमधून दोन प्रकारच्या पेशी बाहेर पडत असाव्यात, हल्ला करणाऱ्या आधी आणि आवरणाऱ्या काही दिवसांनी, त्यामुळे तिसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियेने फक्त दुसऱ्या प्रकाराची वाट बंद होत असावी. त्यांनी त्याच वंशाच्या निरोगी उंदरांच्या टी पेशी शस्त्रक्रिया झालेल्या पिल्लांना टोचल्या आणि रोग टळला. सगळे जग या विषयाकडे पाठ फिरवून बसले असताना साकागुची दशकाहून अधिक काळ एकाच खुणेच्या मागे राहिले आणि १९९५ मध्ये त्यांनी ती जाहीर केली. सीडी-४ हे प्रथिन धारण करणाऱ्या टी पेशींपैकी साधारण एक दशांश पेशींवर सीडी-२५ नावाचे आणखी एक प्रथिन असते. तेवढ्या पेशी वगळून उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांना टोचल्या, तर त्यांचे जठर, थायरॉइड, अंडाशये असे अनेक अवयव रोगग्रस्त होतात आणि वगळलेल्या पेशी वेळेवर परत दिल्या तर होत नाहीत. त्यांना नियामक टी पेशी म्हटले गेले. तरीही शंका उरलीच, कारण सीडी-२५ ही खूण हल्ल्यासाठी सज्ज झालेल्या सर्वसाधारण टी पेशींवरही उमटते, आणि केवळ पृष्ठभागावरील खुणेवरून एखाद्या पेशीचा स्वतंत्र वंश सिद्ध होत नाही.

दुसरा धागा पूर्णपणे वेगळ्या ठिकाणी सुरू झाला होता. अमेरिकेतील टेनेसी राज्यात, अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी वसवलेल्या ओक रिज येथील प्रयोगशाळेत किरणोत्साराचा आनुवंशिकतेवरील परिणाम तपासण्यासाठी उंदरांच्या मोठ्या वसाहती पाळल्या जात होत्या. तेथे १९४० च्या दशकाच्या अखेरीस, किरणोत्साराशी काही संबंध नसताना, काही नर पिल्ले खवलेदार, कोंडा सुटणाऱ्या त्वचेची जन्मली. त्यांची वाढ खुंटत असे, पापण्या सुजत, प्लीहा आणि लसीकाग्रंथी बेसुमार वाढत आणि तीन-चार आठवड्यांत ती मरत. त्या वंशाला ‘स्कर्फी’ असे नाव पडले. रोग फक्त नरांना होतो आणि माद्या तो पुढच्या पिढीला देतात, यावरून सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर आहे हे कळले. मादीजवळ एक्सच्या दोन प्रती असल्याने एक बिघडली तरी दुसरी कामाला येते, नराजवळ मात्र एकच प्रत असते. अणुयुगाच्या आरंभी सुरू असलेल्या त्या खटाटोपात या रोगट पिल्लांचे स्थान एका नोंदीपुरतेच राहू शकले असते, परंतु प्रयोगशाळेने तो वंश जतन केला. त्या पिल्लांचे अवयव त्यांच्याच टी पेशी उद्ध्वस्त करतात हे १९९० च्या दशकात स्पष्ट झाले, तेव्हा या जतनाचे मोल लोकांना उमगले.

वॉशिंग्टन राज्यातील बॉथेल या गावी असलेल्या सेलटेक कायरोसायन्स या औषधकंपनीत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ते जनुक शोधण्याचे ठरवले. आज एखाद्या प्राण्याचा संपूर्ण जनुकसंच काही दिवसांत वाचता येतो. त्या वेळी उंदराचा जनुकसंच वाचलेला नव्हता. एक्स गुणसूत्रावर सुमारे १७ कोटी अक्षरे असतात, म्हणजे डीएनएच्या साखळीतील चार प्रकारच्या रासायनिक घटकांची तेवढी लांब माळ. वंशावळींचा आणि खुणांचा माग काढत काढत त्यांनी दोष असण्याची शक्यता सुमारे पाच लाख अक्षरांच्या टापूपर्यंत आणून ठेवली, त्या टापूत वीस संभाव्य जनुके आढळली आणि ती एकेक करून निरोगी व रोगट उंदरांत ताडून पाहिली गेली. दोष सापडला तो विसाव्या जनुकात, म्हणजेच फॉक्सपी-३ च्या जनुकात. त्यात दोनच अक्षरे जादा घुसलेली होती. डीएनएमधील मजकूर पेशी तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचते, त्यामुळे मध्येच दोन अक्षरे शिरली की पुढचे सगळे गट सरकतात, भलतीच अमिनो आम्ले जोडली जातात आणि लवकरच वाचन थांबते; स्कर्फी उंदरात या कारणाने प्रथिनाचे नेमके ते टोक तयारच होत नव्हते ज्याच्या आधारे ते डीएनएला धरते.

हा शोध उंदरापुरता राहिला नाही. फार थोड्या मुलग्यांना तान्हेपणीच अनावर जुलाब, इन्सुलिनवर अवलंबून राहावे लागणारा मधुमेह आणि अंगभर इसब असा तिहेरी आजार होतो, थायरॉइडचा व रक्तपेशींचा नाश यांची त्यात भर पडू शकते, आणि उपचार न झाल्यास बहुतेक मुले पहिल्या एक-दोन वर्षांत दगावतात. अशा एका कुटुंबाचे वर्णन वैद्यकीय वाङ्मयात १९८२ मध्ये आले होते आणि पुढे या रोगाला त्याच्या इंग्रजी वर्णनाच्या आद्याक्षरांवरून आयपेक्स असे नाव पडले. उंदरातील जनुक हाती येताच या मुलांचे तेच जनुक तपासण्यात आले आणि त्यांतही उत्परिवर्तने आढळली. स्कर्फी उंदरातील जनुकाचा शोध आणि आयपेक्सचे कारण सांगणारे निबंध ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकाच्या जानेवारी २००१ च्या एकाच अंकात प्रसिद्ध झाले. टेनेसीतील उंदराचे पिल्लू आणि रुग्णालयातील तान्हे मूल एकाच प्रथिनाच्या अभावाने मरत होते.

नागोयाचा धागा आणि बॉथेलचा धागा २००३ मध्ये एकमेकांना मिळाले. साकागुची यांच्या गटाने, अलेक्झांडर रुडेन्स्की यांच्या गटाने आणि रॅम्सडेल यांचा सहभाग असलेल्या गटाने जवळजवळ एकाच वेळी दाखवले की फॉक्सपी-३ हे प्रथिन नियामक टी पेशींत असते, ते नसेल तर या पेशी घडत नाहीत आणि साध्या टी पेशीत त्याचे जनुक कृत्रिमरीत्या घातले तर ती पेशी इतरांना आवरू लागते. दमनकारी पेशींचे भूत ज्या क्षेत्राच्या मानगुटीवर वीस वर्षे बसले होते, त्याला शेवटी पेशीच्या अंतरंगातली, जनुकाच्या पातळीवरची खूण मिळाली. परिघीय सहिष्णुतेच्या या शोधांसाठी २०२५ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना विभागून देण्यात आला. नोबेलच्या नियमानुसार एका पुरस्काराचे तीनच मानकरी असू शकतात. रुडेन्स्की यांचे योगदान त्या तिघांच्या तुलनेत कमी आहे असे मात्र कोणी समजू नये, आणि २०१७ च्या क्राफोर्ड पुरस्काराने साकागुची व रॅम्सडेल यांच्याबरोबर त्यांचाही गौरव केलेला आहे.

आता प्रत्यक्ष प्रथिनाकडे वळणे योग्य होईल. माणसातील फॉक्सपी-३ हे ४३१ अमिनो आम्लांची साखळी आहे आणि त्याचे जनुक एक्स गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. ते प्रतिलेखन-नियंत्रक या वर्गात मोडते. जनुकातील मजकुराची आरएनएच्या रूपात नक्कल होणे म्हणजे प्रतिलेखन, आणि ती नक्कल कधी व किती व्हावी हे डीएनएवर बसून ठरवणारी प्रथिने म्हणजे प्रतिलेखन-नियंत्रक. फॉक्सपी-३ च्या शेवटाकडे फोर्कहेड नावाचा भाग असतो, जो प्रथम फळमाशीच्या एका प्रथिनात ओळखला गेला आणि जो डीएनएच्या खाचेत बसतो. साखळीच्या मध्यभागी असलेल्या एका भागाने या प्रथिनाचे रेणू परस्परांना जोडले जातात, तर आरंभीच्या भागाला इतर अनेक प्रथिने येऊन मिळतात. आयपेक्सच्या रुग्णांत आढळणारी पुष्कळ उत्परिवर्तने फोर्कहेड भागात असतात, यावरून त्या भागाचे महत्त्व ध्यानात येईल. मात्र डीएनएच्या एखाद्या ठरावीक जागी एकेका रेणूने जाऊन बसावे एवढे हे काम सोपे नाही. हार्वर्डमधील सुन हुर यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवले की जेथे डीएनएची काही अक्षरे पुन्हापुन्हा त्याच क्रमाने येतात, अशा जागी फॉक्सपी-३ चे अनेक रेणू शिडीसारखी रचना करून डीएनएचे दोन धागे एकमेकांशी बांधतात. पुनरावृत्तीच्या अशा जागा पूर्वी निरर्थक मानल्या जात. त्यांना एवढ्या नाजूक कामात स्थान असावे ही या क्षेत्रातील अलीकडची सर्वांत लक्षणीय गोष्ट आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

हे प्रथिन पेशीचा स्वभाव कसा पालटते, ते एका उदाहरणातून जवळून पाहता येते. साध्या टी पेशीच्या ग्राहीला तिचा रेणू भेटला की पेशीत कॅल्शियम वाढते, कॅल्सिन्यूरिन नावाचे विकर जागे होते आणि ते एनफॅट या प्रतिलेखन-नियंत्रकाला केंद्रकात धाडते. तेथे एनफॅट आपल्या नेहमीच्या जोडीदाराबरोबर इंटरल्यूकिन-२ चे जनुक चालू करतो. इंटरल्यूकिन-२ हे टी पेशींना वाढीचा संदेश देणारे प्रथिन असून ते मिळाले की हल्लेखोर पेशींची संख्या झपाट्याने फुगते. नियामक टी पेशीतही रेणू भेटतो, कॅल्शियम वाढते, एनफॅट केंद्रकात येतो. पण तेथे त्याची गाठ फॉक्सपी-३ शी पडते आणि या नव्या जोडीने इंटरल्यूकिन-२ चे तेच जनुक बंद पडते, तर सीडी-२५ आणि सीटीएलए-४ या पृष्ठभागावरील प्रथिनांची जनुके जोमाने चालू होतात. संदेश तोच राहतो आणि केवळ जोडीदार बदलल्याने त्याचा परिणाम उलटा होतो.

त्यातून निर्माण होणारी परिस्थिती मोठी मार्मिक आहे. सीडी-२५ हा इंटरल्यूकिन-२ च्या ग्राहीचाच एक भाग असल्याने नियामक पेशी हे द्रव्य इतर पेशींच्या आधी शोषून घेते, मात्र ते स्वतः बनवू शकत नसल्याने तिचे जगणे हल्लेखोर पेशींनी बनवलेल्या पुरवठ्यावर अवलंबून राहते. परिणामी हल्ला जितका वाढतो तितके आवरणाऱ्या पेशींचे पोषण वाढते आणि हल्ला शमला की त्यांचीही संख्या उतरते. सीटीएलए-४ चे काम निराळे आहे. टी पेशींना परक्या रेणूंचे तुकडे दाखवणाऱ्या पेशींवर, हल्ल्याला संमती देणारी सीडी-८० आणि सीडी-८६ ही प्रथिने असतात. नियामक पेशी सीटीएलए-४ च्या साहाय्याने ती अक्षरशः उपटून आपल्या आत घेते आणि नष्ट करते, त्यामुळे शेजारच्या टी पेशीला रेणू दिसतो पण संमती मिळत नाही. याखेरीज इंटरल्यूकिन-१० सारखी दाह शमवणारी द्रव्येही या पेशी सोडतात. यांतील कोणत्या उपायाला किती महत्त्व, हे अवयवागणिक बदलते आणि त्याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

या प्रथिनाची गरज बालपणापुरती आहे काय, असा प्रश्न स्वाभाविकपणे निर्माण होतो. रुडेन्स्की यांच्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये त्याचे उत्तर दिले. फॉक्सपी-३ असलेल्या पेशी हव्या त्या वेळी नष्ट करता येतील असे उंदीर तयार करून, पूर्ण वाढ झालेल्या निरोगी उंदरांतून त्या पेशी काढून टाकल्या असता काही आठवड्यांत ते प्राणघातक स्वयंप्रतिकार रोगाने मेले. स्वयंप्रतिकार रोग म्हणजे प्रतिकारसंस्थेने स्वतःच्याच अवयवांवर केलेल्या हल्ल्यातून उद्भवणारा रोग. पेशी तशाच ठेवून त्यांतले फॉक्सपी-३ तेवढे नाहीसे केले, तेव्हा त्यांचे आवरण्याचे काम थांबलेच, शिवाय त्या दाह वाढवणारी द्रव्ये बनवू लागल्या. म्हणजे शरीराची स्वतःशी असलेली ही शांतता एकदा प्रस्थापित होऊन कायम टिकणारी नाही. ती रोज राखावी लागते, आणि राखणाऱ्या पेशीतील एक प्रथिन हटले तर तीच पेशी हल्लेखोरांना जाऊन मिळू शकते. या ग्रंथाचे मध्यवर्ती प्रतिपादन हेच आहे.

आपल्याकडे प्रतिकारशक्तीविषयी जो समज रूढ आहे त्याच्याशी हे प्रतिपादन जुळत नाही. करोनाच्या साथीत काढे, चूर्णे, गोळ्या आणि पेये प्रतिकारशक्ती ‘वाढवतात’ म्हणून घरोघरी आली आणि ही शक्ती जितकी अधिक तितके आरोग्य चांगले, असे सुशिक्षित माणसेही धरून चालली. वस्तुतः संधिवात, पहिल्या प्रकारचा मधुमेह, ल्यूपस, मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगांत प्रतिकार कमी पडलेला नसतो, तो चुकीच्या दिशेने आणि अवाजवी झालेला असतो. आयपेक्सचे मूल हे अमर्याद वाढलेल्या प्रतिकारशक्तीचे सर्वांत भीषण उदाहरण होय. ही गोष्ट शालेय पुस्तकांपासून स्पष्टपणे सांगितली जायला हवी.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. कर्करोगाच्या अनेक गाठींत नियामक टी पेशी मोठ्या संख्येने जमतात आणि गाठीवर चालून येणाऱ्या पेशींना थोपवतात. अंडाशयाच्या कर्करोगात अशा पेशी जास्त असलेल्या रुग्णांचे आयुर्मान कमी आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे एकाच पेशीबद्दल वैद्यकशास्त्राच्या दोन शाखांच्या अपेक्षा विरुद्ध असतात : कर्करोगतज्ज्ञाला ती गाठीपुरती हटवायची असते, तर अवयवरोपण करणाऱ्याला तिची संख्या वाढवायची असते. गर्भारपणातही तिची भूमिका आहे. साध्या टी पेशी थायमसबाहेर नियामक बनण्यासाठी फॉक्सपी-३ च्या जनुकालगतचा एक नियंत्रक तुकडा लागतो. तो अपरा म्हणजे वार असलेल्या सस्तन प्राण्यांतच आढळतो आणि तो काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्यांत गर्भ अधिक प्रमाणात नष्ट होतात.

उपचारांच्या बाबतीत सावध आशावाद रास्त आहे. आयपेक्सवर निरोगी दात्याच्या रक्तमूलपेशींचे रोपण हा आज मूळ दोष दूर करणारा प्रस्थापित उपाय आहे, आणि दात्याच्या सगळ्या पेशी रुजल्या नाहीत तरी नियामक पेशी रुजल्या तर रोग आटोक्यात येऊ शकतो. रोपण होईपर्यंत दाह दाबणारी औषधे द्यावी लागतात. त्यांत सिरोलिमसला काहीसे प्राधान्य मिळते, कारण कॅल्सिन्यूरिन रोखणारी औषधे एनफॅटची वाट अडवतात आणि वर सांगितल्याप्रमाणे एनफॅट नियामक पेशीलाही लागतो. रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशींत फॉक्सपी-३ चे निर्दोष जनुक घालून त्या परत देण्याचे प्रयोगही माणसांवर सुरू झाले आहेत, परंतु त्यांना प्रस्थापित उपचार म्हणण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

वाहक मातेविषयी दोन शब्द येथेच लिहिणे आवश्यक आहे. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निद्रिस्त असते आणि कोणते निजावे हे बहुतेक पेशींत यदृच्छेने ठरते. वाहक मातेच्या इतर पेशींत दोन्ही प्रकार आढळतात, तिच्या नियामक टी पेशींत मात्र निर्दोष एक्स जागे असलेल्याच पेशी दिसतात, कारण सदोष प्रत चालवणाऱ्या पेशी त्या कामाला टिकतच नाहीत. म्हणून ती स्वतः ठणठणीत असते आणि आपल्याजवळ असे काही आहे याची तिला कल्पनाही नसते; तिच्या प्रत्येक मुलग्याला रोग होण्याची शक्यता मात्र निम्मी असते. ज्या घरात एकामागून एक मुलगे तान्हेपणी गेले, त्या घरातल्या सुनेला आपल्या समाजात काय ऐकून घ्यावे लागते हे सांगण्याची गरज नाही. दोष जनुकातील एक-दोन अक्षरांचा आहे, त्यात तिचे कसलेही पाप नाही, हे डॉक्टरांनी तिच्या घरच्यांना समोर बसवून सांगितले पाहिजे.

प्रस्तुत ग्रंथ विद्यार्थी, वैद्यकीय व्यावसायिक आणि जिज्ञासू वाचक या तिघांसाठी लिहिलेला आहे. प्रथिनाच्या रचनेची आणि जनुकनियंत्रणाची प्रकरणे अवघड वाटल्यास ती पहिल्या वाचनात गाळून रोगांची प्रकरणे आधी वाचली तरी चालेल. गावोगावच्या बालरोगतज्ज्ञांना आणि कुटुंबाच्या डॉक्टरांना मात्र एक स्वतंत्र विनंती आहे. तान्ह्या मुलग्याला न थांबणारे जुलाब, मधुमेह आणि इसब यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर त्यांवर वेगवेगळे उपचार करत महिने घालवू नयेत. मुलाच्या आईच्या माहेरी, तिचे भाऊ, मामा किंवा बहिणींचे मुलगे यांपैकी कोणी तान्हेपणी दगावले होते काय, हे विचारावे आणि जनुकीय तपासणीची सोय करावी. जन्मजात प्रतिकारदोषांच्या निदानाचे काम मुंबईत परळ येथे, केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षारुधिरशास्त्र संस्थेत चालते. निदान जितके लवकर होईल तितका रोपणाचा उपयोग अधिक, कारण स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी एकदा नष्ट झाल्या की रोपणानंतरही त्या परत येत नाहीत.